एकीकडे विक्रमी नोकऱ्या, दुसरीकडे वाढलेली बेरोजगारी: दर महिन्याचे हे आकडे नेमके येतात कुठून?

जून २०२५ हा एकच महिना घ्या. त्या महिन्याबद्दल दोन बातम्या आल्या.

पहिली आली जुलैच्या मध्यावर. जूनमध्ये देशातला बेरोजगारीचा दर ५.६ टक्के. एप्रिलमध्ये हाच दर ५.१ टक्के होता, म्हणजे दोन महिन्यांत बेरोजगारी वाढलेली दिसली.

दुसरी आली ऑगस्टच्या उत्तरार्धात. जूनमध्ये ईपीएफओकडे, म्हणजे भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, निव्वळ २१.८९ लाख सदस्य वाढले. ही आकडेवारी जाहीर व्हायला लागली २०१८ मध्ये, तेव्हापासूनचा हा सगळ्यात मोठा आकडा होता.

महिना एकच, दोन्ही आकडे केंद्र सरकारचेच. एक सांगतो बेरोजगारी वाढली, दुसरा सांगतो नोकऱ्यांचा विक्रम झाला. मग व्हायचं तेच होतं. सरकारवर नाराज असलेले पहिली बातमी फॉरवर्ड करतात, सरकारचं कौतुक करणारे दुसरी. आणि पुण्यातल्या एखाद्या अभ्यासिकेत बसलेला पोरगा दोन्ही वाचून एकच प्रश्न विचारतो, "एवढ्या नोकऱ्या लागल्या म्हणता, मग मला फोन का येत नाही?"

तर यातलं खोटं कोण बोलतंय? उत्तर आहे, कुणीच नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत. त्या कोणत्या, हे एकदा नीट कळलं की दर महिन्याला येणाऱ्या या बातम्या वाचणं सोपं जातं.

पहिला आकडा: घरोघरी जाऊन विचारलेला

बेरोजगारीचा अधिकृत दर येतो पीएलएफएसमधून. सोप्या मराठीत सांगायचं तर श्रमबलाची नियमित पाहणी. केंद्राच्या सांख्यिकी मंत्रालयाखाली असलेलं राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालय ही पाहणी करतं. सुरुवात झाली एप्रिल २०१७ मध्ये.

तेव्हा अडचण अशी होती की शहरांचे आकडे दर तीन महिन्यांनी यायचे आणि गावांचे वर्षातून एकदा. देशातली बहुतेक माणसं गावात राहतात आणि त्यांच्या कामाची खबर मिळायला वर्ष जायचं. जानेवारी २०२५ पासून पाहणीची पद्धत बदलली. आधी वर्षभरात साधारण १ लाख घरांमध्ये पाहणी व्हायची, नव्या पद्धतीत ती २ लाख ७२ हजार घरांपर्यंत गेली. निवडलेल्या प्रत्येक घरात सलग चार महिने, महिन्यातून एकदा जायचं असं ठरलं. १५ मे २०२५ ला पहिला मासिक अहवाल आला, एप्रिल महिन्याचा. त्यात दर होता ५.१ टक्के. गावांमध्ये ४.५, शहरांमध्ये ६.५ आणि १५ ते २९ वयाच्या तरुणांमध्ये १३.८ टक्के.

म्हणजे देशाचा सरासरी आकडा ५ च्या आसपास असला तरी तरुणांमध्ये तो अडीचपटीहून जास्त. अभ्यासिकेतल्या त्या पोराला हेडलाइन आपल्याबद्दलची वाटत नाही, त्याचं हे एक कारण.

दुसरं कारण: एक तासाची अट

मासिक आकड्यात बेरोजगार कुणाला म्हणतात? पाहणी करणारा कर्मचारी घरी येतो आणि मागच्या सात दिवसांबद्दल विचारतो. त्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी किमान एक तास काम केलं असेल, तर तो माणूस रोजगार असलेला. एक तासही काम नाही, पण काम शोधत होता किंवा मिळालं असतं तर करायला तयार होता, तर तो बेरोजगार.

एक तास ऐकून अनेकांना राग येतो. पण ही अट भारताने शोधलेली नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या व्याख्येत ती आहे आणि जगभरात ती वापरली जाते. एका देशाची दुसऱ्या देशाशी तुलना करता यावी हा त्यामागचा हेतू.

अडचण येते ती आपल्याकडच्या कामाच्या स्वरूपामुळे. जिथे बहुतेक लोक पगारी नोकरीत असतात, तिथे एक तर नोकरी असते किंवा नसते. भारतात तसं नाही. २०२३-२४ च्या वार्षिक पाहणीनुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात होते. नियमित पगारावरचे फक्त २१.७ टक्के आणि बाकीचे रोजंदारीवर.

या स्वयंरोजगारात चार माणसं कामाला ठेवणारा गॅरेजवाला येतो, टपरीवाला येतो आणि घरच्या शेतात किंवा दुकानात बिनपगारी हातभार लावणारी माणसंही येतात. इंजिनिअरिंग करून गावी परतलेला मुलगा बापाच्या किराणा दुकानात रोज दोन तास गल्ल्यावर बसत असेल, तर सरकारी हिशोबात त्याला काम आहे. लग्नाची बोलणी करायला आलेले पाहुणे त्याला बेकार म्हणतील, तो भाग वेगळा.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांचं काय? ते अवलंबून आहे उत्तरावर. "मी काम शोधतोय, मिळालं तर करेन" असं सांगितलं तर बेरोजगार. "मी फक्त अभ्यास करतोय, आत्ता काम नको" असं सांगितलं तर तो श्रमबलाच्याच बाहेर. मग त्याची गणना बेरोजगारांतही होत नाही आणि कामगारांतही नाही.

नोकरी एकही न वाढता बेरोजगारी कशी घटते?

हे श्रमबल प्रकरण एका उदाहरणातून बघू. समजा एका वाडीत १५ वर्षांवरची १०० माणसं आहेत. त्यातली ५७ काम करतात आणि ३ काम शोधतायत. म्हणजे श्रमबल झालं ६०. बेरोजगारीचा दर काढताना शोधणाऱ्यांना श्रमबलाने भागतात, सगळ्या १०० जणांनी नाही. ३ भागिले ६०, म्हणजे ५ टक्के.

आता शोधणाऱ्या तिघांपैकी दोघं कंटाळून घरी बसली. "कुठं मिळतंय काम, नकोच ते" म्हणाली. आता श्रमबल ५८ आणि शोधणारा एकच. दर झाला १.७ टक्के. वाडीत नवं काम एकालाही मिळालं नाही, तरी बेरोजगारी ५ वरून १.७ वर आली.

उलटंही होतं. कारखाना येणार अशी चर्चा झाली आणि घरी असलेल्या पाच बायकांनी काम शोधायला सुरुवात केली, तर दर वाढतो. खरं तर ती चांगली खूण असते.

म्हणून बेरोजगारीच्या दराशेजारी आणखी दोन आकडे बघावे लागतात. एक, १०० पैकी किती जण श्रमबलात आहेत. दुसरा, १०० पैकी किती जणांच्या हाताला खरंच काम आहे. एप्रिल २०२५ मध्ये श्रमबलाचं प्रमाण ५५.६ टक्के होतं. हे दोन्ही आकडे त्याच अहवालात असतात, हेडलाइनमध्ये मात्र क्वचितच येतात.

तिसरा मुद्दा: पीएफचा आकडा काय मोजतो?

आता त्या २१.८९ लाखांकडे येऊ. एप्रिल २०१८ पासून ईपीएफओ दर महिन्याला सदस्यांची आकडेवारी देतं. साधारण दोन महिन्यांच्या अंतराने ती येते, म्हणून जूनचा आकडा ऑगस्टमध्ये कळतो.

हिशोब असा. त्या महिन्यात पहिल्यांदा पीएफ खातं उघडलेले लोक, अधिक आधी बाहेर पडून आता पुन्हा आलेले लोक, वजा बाहेर गेलेले लोक. उरतो तो निव्वळ आकडा.

जून २०२५ मध्ये पहिल्यांदा आलेले होते १०.६२ लाख. पुन्हा आलेले १६.९३ लाख. म्हणजे मोठा वाटा होता नोकरी बदलून परत आलेल्यांचा. एखाद्याने चाकणची एक कंपनी सोडली आणि दुसरी धरली की तो आधी बाहेर गेलेल्यांत आणि नंतर परत आलेल्यांत दिसतो. ज्याला नोकरी लागलेला नवखा म्हणता येईल, तो शोधायचा असेल तर निव्वळ आकड्याऐवजी पहिल्यांदा आलेल्यांचा आकडा बघायचा.

पण तिथेही एक गोम आहे. पीएफचा कायदा १९५२ चा, आणि तो साधारणपणे २० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. समजा एका कारखान्यात १८ कामगार आहेत आणि दोन नवे घेतले. आता कारखाना कायद्याच्या कक्षेत आला. नव्या नोकऱ्या झाल्या दोन, पीएफच्या यादीत मात्र २० नावं वाढू शकतात. बाकीचे १८ जण आधीपासूनच राबत होते, फक्त कागदावर नव्हते.

याला रोजगाराचं औपचारिकीकरण म्हणतात आणि ते कामगाराच्या भल्याचंच आहे. पीएफ कापला गेला, पेन्शनचा हक्क आला, हातात पुरावा आला. फक्त त्याला नवी नोकरी म्हणता येत नाही.

ऑगस्ट २०२५ नंतरचे आकडे बघताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. १ ऑगस्ट २०२५ पासून प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजना लागू झाली. पहिल्यांदा पीएफमध्ये नोंद होणाऱ्या कर्मचाऱ्याला दोन हप्त्यांत १५ हजार रुपयांपर्यंत आणि मालकाला प्रत्येक नव्या कर्मचाऱ्यामागे महिन्याला ३ हजारांपर्यंत प्रोत्साहन, अशी ती योजना. नोंदणी केल्याने पैसे मिळणार असतील तर नोंदण्या वाढणारच. त्यातल्या किती नोकऱ्या खरोखर नव्या आणि किती नुसत्या कागदावर आल्या, हे निव्वळ आकड्यातून कळत नाही.

महाराष्ट्रासाठी या आकडेवारीत एक खास गोष्ट आहे. निव्वळ वाढीत महाराष्ट्राचा वाटा सातत्याने सगळ्यात मोठा असतो, साधारण पाचवा हिस्सा. आणि सगळ्यात जास्त सदस्य येतात ते तज्ज्ञ सेवा नावाच्या गटातून. नाव भारदस्त आहे, पण त्यात मोठ्या संख्येने असतात ते माणसं पुरवणारे ठेकेदार, सुरक्षारक्षक पुरवणाऱ्या एजन्सी आणि इतर कंत्राटी सेवा. भिवंडीच्या गोदामात पेट्या उचलणारा कामगार गोदामाच्या मालकाऐवजी ठेकेदाराच्या यादीवर असू शकतो. त्यामुळे नोकरी वाढली हे खरं असलं तरी ती कायमची की अकरा महिन्यांची, हे हा आकडा सांगत नाही.

चौथा आकडा: जाहिरातींची मोजणी

सरकारी आकड्यांच्या आधी बऱ्याचदा खासगी आकडे येतात. त्यातला सगळ्यात जास्त चर्चेतला म्हणजे नोकरी डॉट कॉमचा जॉबस्पीक निर्देशांक. जुलै २००८ च्या पातळीला १००० धरून तो सुरू झाला. आधीची मॉन्स्टर इंडिया, जिचं २०२२ मध्ये फाउंडइट असं नामकरण झालं, तीही असाच आकडा देते.

हे निर्देशांक वेबसाइटवर पडलेल्या जाहिराती मोजतात. त्यांचा मोठा फायदा म्हणजे वेग. आयटीत भरती थंडावली, विमा क्षेत्रात वाढली, फ्रेशर्सना मागणी आहे की अनुभवी लोकांना, हे लगेच कळतं.

पण जाहिरात म्हणजे भरती नव्हे. एकाच जागेची जाहिरात कंपनी टाकते, तिने नेमलेले दोन-तीन कन्सल्टंटही टाकतात. काही जागा बायोडेटा गोळा करून ठेवण्यासाठी महिनोन्‌महिने उघड्या ठेवतात. काही जागा भरायच्या आधीच बजेट कापलं जातं. शिवाय हा सगळा मामला मुख्यतः ऑफिसातल्या नोकऱ्यांचा. लातूरच्या कापड दुकानातला सेल्समन, मजूर नाक्यावर उभा राहणारा गवंडी, नाशिकच्या द्राक्षबागेतली मजूर बाई यांची भरती कुठल्याच पोर्टलवर होत नाही.

मुंबईतली सीएमआयई ही खासगी संस्थाही बेरोजगारीचा दर देते. तिची व्याख्या सरकारी पाहणीपेक्षा कडक असल्यामुळे तिचा दर सहसा जास्त येतो. व्हॉट्सअपवर दोन वेगळे दर फिरत असतील तर एकदा खाली संस्थेचं नाव बघायचं. सरकारी मासिक अहवाल देशपातळीवरचे दर देतो, राज्यवार दर देत नाही. त्यामुळे महाराष्ट्राचा या महिन्याचा दर म्हणून काही फिरत असेल, तर तो नेमका कुठून आला हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

दिवाळी सरकली की आकडाही सरकतो

मासिक आकड्यांमध्ये सगळ्यात जास्त फसगत होते ती ऋतूंमुळे.

मे २०२५ मध्ये बेरोजगारीचा दर ५.१ वरून ५.६ वर गेला, तरुणांचा १५ टक्क्यांवर. सरकारने कारण दिलं की रब्बीची कापणी संपली आणि कडक उन्हामुळे बाहेरची कामं कमी झाली. शेतीशी संबंध असलेल्या कुणालाही हे नवीन नाही. मराठवाड्यातली, विशेषतः बीडची ऊसतोड कामगार कुटुंबं दिवाळीच्या आसपास कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला की घरी परततात. त्यानंतर पाऊस पडून पेरण्या सुरू होईपर्यंत हाताला काम कमीच.

शहरातही हंगाम असतो. कॉलेजमधून निवडलेली मुलं जून-जुलैमध्ये रुजू होतात. पीएफचे विक्रम नेमके याच दिवसांत होतात, ते काही उगाच नाही. एप्रिलमध्ये पगारवाढीची पत्रं हातात पडली की राजीनामे पडतात. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दुकानं, डिलिव्हरी आणि गोदामं माणसं घेतात आणि नंतर कमी करतात.

म्हणून मागच्या महिन्याशी तुलना करण्यापेक्षा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी केलेली बरी. पण तिथेही दिवाळी आडवी येते. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन होतं १२ नोव्हेंबरला, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला आणि २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. दिवाळीच्या आठवड्यात एचआरवाले सुट्टीवर असतात आणि जाहिराती घटतात. त्यामुळे २०२४ च्या ऑक्टोबरशी २०२५ च्या ऑक्टोबरची तुलना केली तर भरती घसरल्यासारखी दिसू शकते, आणि नोव्हेंबरमध्ये उसळी. खरी चाल बघायची तर ऑक्टोबर आणि नोव्हेंबर एकत्र करून बघावे लागतात.

आकडा मागाहून बदलला तर?

१ ऑगस्ट २०२५. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी ब्युरोने जुलैचा नोकऱ्यांचा अहवाल दिला. त्याच अहवालात आधीच्या दोन महिन्यांचे आकडे सुधारले होते. मे महिन्याचा १ लाख ४४ हजारांचा आकडा आला १९ हजारांवर. जूनचा १ लाख ४७ हजारांवरून १४ हजारांवर. दोन महिन्यांत मिळून २ लाख ५८ हजार नोकऱ्या कागदावरून गेल्या.

त्याच दिवशी राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी ब्युरोच्या प्रमुख एरिका मॅकएन्टार्फर यांना पदावरून काढलं. आकड्यांत फेरफार झाल्याचा आरोप केला, पुरावा मात्र दिला नाही. प्रत्यक्षात अशी सुधारणा दर महिन्याला होते. पहिला आकडा येतो तेव्हा अनेक कंपन्यांची उत्तरं आलेली नसतात, ती आली की हिशोब पुन्हा मांडतात. या वेळी फरक मोठा होता, एवढंच.

भारतानेही असा प्रसंग बघितलाय. पीएलएफएसचा पहिला वार्षिक अहवाल, २०१७-१८ चा, वेळेत जाहीर झाला नाही. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी आयोगाचे दोन सदस्य, पी. सी. मोहनन आणि जे. व्ही. मीनाक्षी यांनी राजीनामे दिले. त्यानंतर तो अहवाल वर्तमानपत्रात फुटला. लोकसभा निवडणूक झाल्यावर ३१ मे २०१९ ला सरकारने तो जाहीर केला. त्यात बेरोजगारीचा दर ६.१ टक्के होता.

ईपीएफओचे आकडेही हंगामी असतात. मालक उशिरा पीएफ भरतात, नोंदी मागाहून दुरुस्त होतात आणि आधीच्या महिन्याचा आकडा बदलतो. हे संस्था स्वतः दर वेळी सांगते. पण हेडलाइन पहिल्या आकड्याची होते, दुरुस्तीची बातमी क्वचितच कुणी फॉरवर्ड करतं.

मग पुढची बातमी आली की काय बघायचं?

पहिलं, मोजलं काय? घरातली माणसं, पीएफची खाती की वेबसाइटवरच्या जाहिराती?

दुसरं, तुलना कशाशी? मागच्या महिन्याशी असेल तर मध्ये कोणता हंगाम आला, आणि मागच्या वर्षाशी असेल तर सण इकडेतिकडे झाला का?

तिसरं, बेरोजगारी घटली असेल तर हाताला काम असलेल्यांचं प्रमाण वाढलं का? ते वाढलं नसेल तर लोक शोधायचे थांबले असण्याची शक्यता मोठी.

चौथं, पीएफचा आकडा असेल तर पहिल्यांदा आलेले किती?

पाचवं, एका महिन्यावर उडी मारू नका. सलग तीन-चार महिने आकडा एकाच दिशेने जात असेल तर त्याला कल म्हणायचं.

आणि नोकरी शोधणाऱ्याच्या कामाचं सांगायचं तर देशाच्या सरासरी दरात त्याच्यासाठी फारसं काही नसतं. त्याने त्याच अहवालातला १५ ते २९ वयाचा शहरी दर बघावा, पोर्टलच्या निर्देशांकात आपल्या क्षेत्राची आणि आपल्या अनुभवाच्या गटाची रांग बघावी, आणि आपल्या धंद्यात भरतीचा हंगाम कोणता ते ओळखून अर्ज टाकावेत. दिवाळीच्या आठवड्यात पाठवलेल्या अर्जाला उत्तर आलं नाही, म्हणून आपल्यात काही कमी आहे असं धरून बसायचं कारण नाही.

जून २०२५ मध्ये पीएफची खाती विक्रमी वाढली, हे खरं. त्याच महिन्यात काम शोधूनही न मिळालेल्यांचं प्रमाण एप्रिलपेक्षा जास्त होतं, हेही खरं. अभ्यासिकेतल्या पोराला फोन आला नाही, हे तर त्याला कुणी सांगायची गरजच नाही. तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात, एकाच देशात घडल्या. यातला एकच आकडा दाखवून कुणी सगळं आलबेल किंवा सगळं बरबाद म्हणत असेल, तर शेअर करण्याआधी बाकीचे दोन आकडे विचारून घ्या.